‘ब्लडलाइन्स’ पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी: पॅचपासून गटारापर्यंत

दर दोन-तीन वर्षांनी एकदा मला ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ हा कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायची हुक्की येते. त्यात आपण स्वतःच व्हॅम्पायर असतो. या वेळी शेजारी एक मित्र येऊन बसला. गेमचं नाव त्याने खूप ऐकलं होतं, खेळला कधीच नव्हता. मी म्हटलं, तूच खेळ, मी बघतो. पहिल्या दोन तासांत त्याने भर रस्त्यात एका बाईच्या नरडीचा घोट घेतला, सगळे गुण बंदुकीत घातले, आणि ज्याच्याशी नीट बोललं असतं तर फुकटात काम झालं असतं त्याच्याशी मारामारी करून मेला. त्याच्या चुका बघताना लक्षात आलं, की मला जे अंगवळणी पडलंय ते हा गेम नवख्याला धड सांगतच नाही. म्हणून हा लेख. कथेतली मोठी रहस्यं फोडणार नाही. वाटेतले खड्डे मात्र दाखवीन.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पहिली पायरी कळणार नाही. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा मुळात कागद-पेन्सिल-फाशांवर खेळायचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा, 1991 सालचा. त्यावर ट्रॉइका गेम्स या छोट्या कंपनीने ब्लडलाइन्स बनवला. ही कंपनी टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी 1998 मध्ये काढलेली. तिघेही त्याआधी ‘फॉलआउट’वर काम केलेले. ब्लडलाइन्ससाठी त्यांनी व्हॉल्व्ह कंपनीचं सोर्स इंजिन, म्हणजे गेम बनवायचा तयार सांगाडा, घेतलं, तेही अजून पूर्ण तयार नसताना. करारात अट होती, की व्हॉल्व्हच्याच ‘हाफ-लाइफ 2’ या गेमच्या आधी हा गेम बाजारात आणायचा नाही. शेवटी 16 नोव्हेंबर 2004 रोजी दोन्ही एकाच दिवशी आले. त्या दिवशी कुणाची चर्चा झाली हे सांगायला नकोच. फेब्रुवारी 2005 मध्ये ट्रॉइका बंद पडली. गेम अर्धवट शिजलेला होता, आणि तो नीट करायला कंपनीच उरली नाही.

आधी पॅच, मग गेम

हे काम चाहत्यांनी अंगावर घेतलं. जर्मनीतले वर्नर स्पाल, खेळाडूंमध्ये ‘वेस्प5’ म्हणून ओळखले जाणारे, गेली जवळजवळ दोन दशकं ‘अनऑफिशियल पॅच’, म्हणजे गेममधल्या चुका दुरुस्त करणारी जोडफाइल, काढत आले आहेत. पेशाने ते रसायनशास्त्रज्ञ. हा पॅच न घालता आजच्या कॉम्प्युटरवर गेम चालवायचा प्रयत्नच करू नका. मूळ गेम इतका जुना आहे, की मशीनमध्ये भरपूर मेमरी असेल तर मेमरी कमी असल्याची तक्रार करून बंद पडू शकतो. मोठ्या स्क्रीनवर चित्र बसत नाही. शिवाय मूळ आवृत्तीत पुढे एके ठिकाणी होडीत बसून निघताना गेम धाडकन बंद पडायचा आणि पुढे जाताच यायचं नाही. पॅचमध्ये हे सगळं निस्तरलेलं आहे.

गेम स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या दोन्ही साइटींवर मिळतो. जीओजीच्या आवृत्तीत हा पॅच आधीच घातलेला येतो, त्यामुळे ज्यांना फायली इकडून तिकडे हलवायचा कंटाळा आहे त्यांनी तीच घ्यावी. स्टीमची घेतली असेल तर पॅच वेगळा उतरवून, गेम ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच फोल्डरचा पत्ता देऊन इन्स्टॉल करा. विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये गेम न ठेवता साध्या, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलात तर परवानग्यांची कटकट होत नाही.

इन्स्टॉल करताना पॅच विचारतो: बेसिक की प्लस? बेसिकमध्ये चुका दुरुस्त होतात आणि गेम बराचसा मूळ रूपात राहतो. प्लसमध्ये फायलींत पडून राहिलेले, कापून टाकलेले भाग परत जोडलेले आहेत आणि काही नियमही बदललेले आहेत. पहिल्यांदा खेळताना बेसिकच घ्या. प्लस वाईट आहे असं नाही, मी स्वतः आता तेच खेळतो. पण आधी मूळ चव कळू द्या.

सेव्हच्या बाबतीत माझं ऐका. एकाच कप्प्यात सेव्ह करत राहू नका. जागा बदलली की गेम आपोआप सेव्ह करतो, पण तो आधार पुरेसा नाही. प्रत्येक मोठ्या कामाआधी नव्या कप्प्यात एक सेव्ह ठेवा. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा एकच सेव्ह होता, आणि तो अशा ठिकाणी केला होता जिथून रक्त नाही, गोळ्या नाहीत आणि मागे जायला वाट नाही. एका आठवड्याचा खेळ पाण्यात गेला. त्या जागेबद्दल पुढे सांगतो.

कूळ कुठलं घ्यायचं

सुरुवातीला व्हॅम्पायरांच्या सात कुळांमधून एक निवडायचं असतं. प्रश्नांची उत्तरं देऊन गेमलाच तुमचं कूळ ठरवू देण्याचीही सोय आहे, पण त्या भानगडीत पडू नका. कुळाची निवड ही नुसत्या शक्तींची निवड नाही. लोक तुमच्याशी कसं बोलतात, तुम्ही कुणाचं रक्त पिऊ शकता, रस्त्यावरून चालू शकता की नाही, हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

दोन कुळं पहिल्या खेळात घेऊच नका. एक नॉस्फेराटू: हे दिसायला इतके भेसूर, की माणसांनी नुसतं पाहिलं तरी बोभाटा होतो. सगळा प्रवास गटारांतून, अंधारातून. दुसरं माल्केव्हियन: हे वेडे, आणि त्यांच्या पात्राचे जवळजवळ सगळे संवाद वेगळे लिहिलेले आहेत. कोड्यात बोलतात, पुढे काय होणार त्याची चाहूलही देतात. ज्याला कथा माहीत आहे त्याच्यासाठी हे सोनं आहे, नवख्याला मात्र आपण काय बोलतोय हेच कळत नाही.

उरलेल्यांत माझी शिफारस टोरेडोर किंवा ब्रूहा. टोरेडोर हे कलासक्त, देखणे. त्यांच्याकडे सेलेरिटी नावाची वेगाची शक्ती आहे, तिने आजूबाजूचं जग संथ होतं आणि तुम्ही नेहमीच्या वेगाने वावरता. ब्रूहांकडेही सेलेरिटी आहे, वर पोटन्स म्हणजे ताकद. हे हाणामारीला सगळ्यात सोपे, फक्त डोकं लवकर फिरतं. ट्रेमेअर रक्ताची जादू करतात, लांबून मारा करायला उत्तम. व्हेंट्रू म्हणजे खानदानी सरदार. डॉमिनेट वापरून समोरच्याला हुकूम सोडतात, पण उंदरांचं आणि रस्त्यावरच्या गरीबगुरिबांचं रक्त त्यांना पचत नाही, सरळ ओकून टाकतात. गँगरेल जनावरांच्या जवळचे, लढतात छान, पण या गेमची गंमत ज्या बोलण्यात आहे तिथे मागे पडतात.

माझ्या मित्राने हट्टाने व्हेंट्रू घेतला आणि पहिल्याच रात्री गल्लीतल्या भिकाऱ्याचं रक्त पिऊन ओकला. तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून सांगून ठेवलं.

गुण कुठे घालायचे

बहुतेक नवखे नेमके इथे अडतात. या गेममध्ये शत्रू मारले म्हणून अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, मिळत नाहीत. ते काम पूर्ण झालं की मिळतात. दार फोडून आत शिरलात, मागच्या खिडकीने गेलात किंवा दारवानाला गोड बोलून पटवलंत, तरी काम झालं की गुण साधारण तेवढेच. उलट काही कामांत कुणाला न मारता निसटलात तर जास्त मिळतात. म्हणजे दिसेल त्याला कापत सुटण्यात काहीच फायदा नाही. दुसऱ्या गेममधून ती सवय घेऊन आला असाल तर ती दाराबाहेर ठेवा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्या. पात्राच्या पानावर एका बाजूला मूळ गुणधर्म आणि कौशल्यं असतात, आणि त्यांची बेरीज होऊन ‘फीट्स’ बनतात. गेम तपासतो ते या फीट्स. उदाहरणार्थ, कुलूप उघडायचं तर चपळाई म्हणजे डेक्स्टेरिटी आणि सिक्युरिटी यांची बेरीज पाहिली जाते. कॉम्प्युटरमध्ये शिरायचं तर विट्स आणि कॉम्प्युटर. मन वळवायचं तर कॅरिस्मा आणि स्कॉलरशिप, भुरळ घालायची तर अपिअरन्स आणि सबटरफ्यूज. म्हणून नुसत्या सिक्युरिटीत गुण ओतत बसण्यापेक्षा डेक्स्टेरिटीही वाढवा. तीच चपळाई लपतछपत चालण्यातही मोजली जाते. एका गुणात दोन कामं. शिवाय वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा महाग पडते, त्यामुळे एकाच गोष्टीत शेवटपर्यंत चढण्याआधी दोन-तीन गोष्टी मध्यम उंचीवर आणणं स्वस्तात पडतं.

पहिल्या अर्ध्या खेळासाठी माझा क्रम असा. आधी कुलूप उघडण्याची ताकद. तिच्याशिवाय निम्म्या शहराची दारं बंद. मग बोलण्याचं एक अस्त्र, मन वळवणं किंवा भुरळ, यांपैकी एकच. मग थोडं हॅकिंग. घासाघीस म्हणजे हॅगल आणि वस्तू चमकवून दाखवणारं इन्स्पेक्शन, या दोन्हींवर सुरुवातीला एक गुणही घालू नका. पैसा तसाही पुरेसा मिळतो आणि डोळे उघडे ठेवले तर वस्तू दिसतात.

पण, आणि हा ‘पण’ फार मोठा आहे, सगळं बोलण्यावरच लावू नका. गेमचा पहिला अर्धा भाग जिभेने जिंकता येतो. दुसऱ्या अर्ध्यात लढावंच लागतं. शेवटच्या काही प्रकरणांत कुणाशी बोलायची सोयच नसते. निर्मात्यांना तिथे वेळ पुरला नाही हे खेळताना जाणवतं, आणि चाहतेही हे मोकळेपणाने मान्य करतात. तेव्हा डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या दुसऱ्या भागात, रुळलात की दर दोन-तीन कामांमागे काही गुण मारामारीत घालायला लागा. हत्यार एकच निवडा: हातघाई किंवा बंदूक. मी तलवार-दंडुक्याकडे झुकतो. सुरुवातीच्या बंदुका कुचकामी आहेत. फायरआर्म्स कमी असताना नेम इतका हलतो, की चार पावलांवरच्या माणसाला गोळी लागत नाही. बंदूक घ्यायचीच असेल तर थांबून, नेमाचं वर्तुळ आवळू द्या, मग चाप ओढा. हातघाईचं हत्यार घेतलं की कॅमेरा पाठीमागे जातो आणि बंदूक घेतली की डोळ्यांत येतो, त्याचीही सवय करून घ्या.

जागोजागी पुस्तकं सापडतात. तुमचं रिसर्च फीट पुरेसं असेल तर ती वाचून एखादं कौशल्य फुकटात वाढतं. ज्या कौशल्याचं पुस्तक हाती आलंय त्यात लगेच गुण खर्च करू नका.

रक्त आणि मुखवटा

पडद्यावर रक्ताचा साठा दिसतो, पंधरा थेंबांचा. प्रत्येक शक्ती वापरली की त्यातलं रक्त जातं. साठा संपत आला की तुमच्यातलं जनावर जागं होतं, ताबा सुटतो आणि पात्र समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून साठा निम्म्यावर आला की भरून घ्यायचा, तळ गाठेपर्यंत थांबायचं नाही.

भरायचं कसं? अंधाऱ्या गल्लीत एकटा माणूस गाठा, आणि त्याच्या हृदयाचे ठोके मंद व्हायच्या आत सोडून द्या. पूर्ण पिऊन टाकलात तर तो मरतो आणि तुमची माणुसकी घटते. माणुसकी म्हणजे ह्यूमॅनिटी हा इथे खरोखरचा आकडा आहे. तो कमी असेल तर ताबा लवकर सुटतो, आणि शून्यावर गेला तर खेळ संपला. गल्लीबोळांत उंदीर फिरतात, त्यांच्यात थेंबभरच रक्त, पण त्यांच्याकडून काही धोका नाही. सांता मोनिकाच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या ज्या भागात खेळ सुरू होतो तिथल्या, दवाखान्यात तळघरात एक माणूस रक्ताच्या पिशव्या विकतो. त्याच्याशी गप्पा मारायची इच्छा होणार नाही, पण पिशव्या घ्याच. तुमच्या खोलीतल्या फ्रिजमध्येही काही ठेवलेल्या असतात. माझ्या मित्राला त्या तीन तासांनी दिसल्या.

मास्करेड म्हणजे मुखवटा: आपण अस्तित्वात आहोत हे माणसांना कळू द्यायचं नाही, हा या समाजाचा पहिला कायदा. माणसांच्या देखत रक्त प्यायलात किंवा अचाट शक्ती वापरलीत तर तो मोडतो. पाच वेळा मोडला की खेळ तिथेच संपतो, आणि त्याआधीच शिकारी तुमच्या मागावर सुटतात. काही छोटी कामं केली की एखादा गुन्हा पुसला जातो, त्यामुळे एक-दोन वेळा चुकलात तर घाबरू नका. काही ठिकाणं एलिसियम म्हणून राखीव आहेत. तिथे हत्यार निघत नाही आणि शक्तीही चालत नाहीत. मित्राला वाटलं त्याचा कीबोर्ड बिघडला.

सांता मोनिका: घाई नको

सुरुवातीचा प्रवेश बघून झाला की जॅक नावाचा दाढीवाला शिकवायला येतो. त्याला टाळू नका. शिकवणं उपयोगी आहेच, पण तो बोलतोही झकास. आवाज जॉन डिमॅजिओचा.

मग तुम्हाला सांता मोनिकात आणून सोडतात. मर्क्युरिओला भेटा, अशी सूचना असते. जा, पण त्याआधी खोलीतला कॉम्प्युटर उघडा, पत्रं वाचा, रेडिओ लावा. मध्यरात्रीचा एक कार्यक्रम चालू असतो आणि त्याची सूत्रधार बाई येणाऱ्या विक्षिप्त फोन करणाऱ्यांना अशी काही हाताळते, की मी दर वेळी खोलीत पाच मिनिटं नुसता उभा राहतो. कॉम्प्युटर खराखुरा टाइप करून चालवायचा आहे. पासवर्ड माहीत असेल तर तो टाका. नसेल तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, तुमचं हॅकिंग पुरेसं असेल तर यंत्र शरण येतं. इथली माणसं पासवर्ड आपल्याच ईमेलमध्ये किंवा टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवतात, हे ध्यानात ठेवा.

मर्क्युरिओचं काम म्हणजे समुद्रकाठच्या एका घरात बसलेल्या गुंडांकडून स्फोटकं आणायची. इथे मित्राने बंदूक काढली आणि मेला. नीट बोलणारा भांडणाशिवाय माल घेऊन येतो. बोलणारा नसाल तर लपून आत शिरा. सरळ लढणं हा सगळ्यांत महागडा पर्याय, आणि पहिल्या तासात तो परवडत नाही.

मुख्य काम तुम्हाला असायलम क्लबकडे नेतं. तो चालवणाऱ्या व्होरमन बहिणी टेरीज आणि जनेट. यांच्याबद्दल मी काहीच सांगणार नाही. फक्त एवढंच, की दोघींचंही बोलणं पूर्ण ऐका, एकीची बाजू घाईने घेऊ नका, आणि त्यांच्या प्रकरणाच्या शेवटी जाण्याआधी वेगळा सेव्ह ठेवा. दवाखान्यात एक जखमी मुलगी कण्हत पडलेली दिसेल. तिच्याजवळ थांबायचं की पुढे जायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. निर्णयाचे पडसाद खूप पुढेपर्यंत जातात.

ओशन हाउस: इथे दिवे घालवा

टेरीजच्या सांगण्यावरून तुम्ही ओशन हाउस या पडक्या हॉटेलात जाता. तिथल्या भुताची एखादी वस्तू आणायची, बस. भयपट-खेळांच्या कुठल्याही चर्चेत या हॉटेलाचं नाव निघतं. ते का, हे समजायचं असेल तर खोलीतला दिवा घालवा आणि हेडफोन लावा.

इथे तुम्हाला मारायला एकही शत्रू नाही. बंदूक उपयोगाची नाही, तलवारही नाही. तुम्ही स्वतः रक्तपिपासू, शहरातली माणसं तुम्हाला घाबरतात, आणि तरीही या रिकाम्या हॉटेलात शिरताना पाय जड होतात. आत आलात की आधी शांतता, फक्त लाकूड करकरल्याचा आवाज. मग बाजूच्या टेबलावरची फुलदाणी अचानक हलते आणि तुमच्या डोक्याच्या रोखाने येते. जिना चढायला जावं तर तो पायाखाली कोसळतो आणि तुम्ही तळघरात पडता. तिथे धुलाईची खोली, बॉयलर, आणि एक किल्ली. वरच्या मजल्यांवर लांबलचक कॉरिडॉर, बल्ब एकामागून एक फुटत तुमच्या दिशेने येतात. जुन्या वर्तमानपत्राची कात्रणं आणि एक डायरी वाचत गेलात की इथे काय घडलं ते हळूहळू जुळत जातं.

काम सोपं व्हावं म्हणून दोन गोष्टी. उडणाऱ्या वस्तूंनी जखमा होतात, म्हणून मोठ्या खोलीत शिरलात की भिंतीच्या कडेने चला आणि एका जागी उभे राहू नका. जखमा हळूहळू आपोआप भरतात, तेव्हा मधे थांबून श्वास घ्यायलाही हरकत नाही. कुठे अडलात तर लिफ्टचा विचार करा. तिला वीज लागते आणि वीज खालून येते. बाकी वाट हॉटेलच दाखवतं. खिडकीत, कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी दिसेल. त्याच्या मागे जा.

मित्र या अर्ध्या तासात एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, “एकही माणूस मारला नाही रे आपण.” त्याने बंदुकीत गुण घालणं तिथेच थांबवलं.

बोलणं ऐकणं

संवादांत काही वाक्यं वेगळ्या रंगात, वेगळ्या अक्षरांत दिसतात. ती तुमच्या कौशल्यामुळे उघडलेली असतात: मन वळवणं, धमकी, भुरळ. रंगीत वाक्य दिसलं म्हणून ते निवडलंच पाहिजे असं नाही. कधी एखादी धमकी काम करते, पण पुढे त्या माणसाकडून मिळणारं दुसरं काम बुडतं. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात हे या शहरात खरं, फक्त कुठली बोरं कुणाला हे बघून विका.

यातली बरीच पात्रं ब्रायन मित्सोडा यांनी लिहिलेली आहेत. दर वेळी नवीन काहीतरी कळतं. चेहऱ्यांवरचे हावभाव 2004 चे असूनही माणूस खोटं बोलतोय हे डोळ्यांवरून जाणवतं. काही गोष्टी मात्र जुन्या झाल्या आहेत. बायकांच्या पोशाखाबाबत या गेमला काही सभ्यता नाही, आणि चायनाटाउनमधली पात्रं ठोकळेबाज आहेत. ते तसंच आहे. शिवाय हा प्रौढांसाठीचा खेळ आहे. हॉलिवूडमधलं एका चित्रफितीचं प्रकरण तर मलाही आजही अस्वस्थ करतं. लहान मुलं शेजारी असताना खेळू नका.

डाउनटाउन, हॉलिवूड आणि ते गटार

सांता मोनिकातली सगळी छोटी कामं उरकूनच पुढच्या भागात जा. डाउनटाउनमध्ये राजपुत्र लाक्रॉइ, म्हणजे शहरातल्या व्हॅम्पायरांचा प्रमुख, बसतो, आणि लास्ट राउंड बारमध्ये त्याला शिव्या घालणारे बंडखोर व्हॅम्पायर, म्हणजे अ‍ॅनार्क. दोघांचीही कामं घ्या. कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला शेवटपर्यंत वेळ आहे. एलिझाबेथ डेन या जहाजावर पोलिसांचा पहारा असतो. ते निर्दोष आहेत, म्हणून एकालाही न मारता काम करून या. अंधार आणि संयम पुरेसा आहे.

आता त्या जागेविषयी. हॉलिवूडमध्ये नॉस्फेराटूंचा शोध घेत तुम्हाला गटारांत उतरावं लागतं. हा भाग लांब आहे, खूप लांब, आणि रबरासारखा ताणलेला आहे. आत दुकान नाही, माणूस नाही, प्यायला रक्त नाही. मांसाच्या गोळ्यांतून घडवलेले प्राणी अंगावर येतात आणि मागे फिरणं अवघड होतं. माझा एकुलता एक सेव्ह इथेच अडकला होता, आणि पात्र होतं गोड बोलणारं. या प्राण्यांशी कोण बोलणार?

उतरण्याआधी वेगळा सेव्ह करा. रक्ताच्या पिशव्या मावतील तेवढ्या घ्या, निदान आठ-दहा. साठवलेले एक्सपी असतील तर आता लढाईत घाला. बंदुकीवाले असाल तर शॉटगन आणि भरपूर काडतुसं. सेलेरिटी असेल तर ती घोळका अंगावर आल्यावरच वापरा, एकट्यादुकट्यासाठी रक्त वाया घालवू नका. आणि शक्य असेल तिथे पळा. एक्सपी मारण्याचे मिळत नाहीत, हे इथे फार कामाला येतं. नकाशा नसल्यासारखं वाटलं तर भिंतीला उजवा हात लावून चालल्यासारखं चला, वाट सापडते.

चायनाटाउनपासून पुढे गेम सरळसोट लढाईकडे वळतो. पार्कातल्या एका रात्री तुमच्यासमोर असं काही येतं, की कुठल्याही हत्याराने त्याचं काही बिघडत नाही. तिथे शूरपणा करू नका. दारं, गच्ची, कोपरे यांचा वापर करत वेळ काढा. त्यातूनही त्याला संपवायची एक युक्ती आहे, आजूबाजूच्या यंत्रांकडे नीट बघा.

शेवट एकापेक्षा जास्त आहेत. अखेरच्या टॅक्सीत बसण्याआधी एक सेव्ह ठेवलात तर ते सगळे पुन्हा पूर्ण गेम न खेळता बघता येतात. टॅक्सीवाल्याचंही बोलणं लक्ष देऊन ऐका. त्याच्या गप्पांवर चाहते आजही वाद घालतात.

दुसऱ्यांदा

मित्राचा खेळ संपायला तीन आठवडे लागले. व्हेंट्रूच राहिला, शेवटपर्यंत गरिबांचं रक्त टाळत. संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, आता कुठलं कूळ घेऊ. मी म्हटलं, आता प्लस पॅच घाल आणि माल्केव्हियन घे.

काल रात्री त्याचा फोन आला. त्याचं पात्र रस्त्याच्या कडेला एका ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीशी हुज्जत घालत उभं होतं. पाटी माघार घ्यायला तयार नव्हती. त्याने विचारलं, हिचं मन वळवायला स्कॉलरशिप किती लागेल.